आजीचं तुमसर

आजीला मी चार वेळा नाव सांगितलं, पाचव्यांदा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं, तरी तिच्या तोंडी ते 'तुमसर'च राहिलं. भंडाऱ्याकडचं तुमसर तिला ठाऊक होतं, तिथे तिची एक चुलत नणंद दिली होती. "तुमसरला एवढं मोठं कॉलेज कधी झालं गं?"

"आजी, ट्रॉम्सो. नॉर्वेत. पार उत्तर ध्रुवाकडे."

"तेच ते. लांब आहे ना? मग झालं."

लांब तर आहेच. आमचं इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली, साधारण २२.७ अंशांवर. ट्रॉम्सो ६९.६ अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर पलीकडे. तिथल्या विद्यापीठात आदिवासी आणि मूलनिवासी समाजांच्या अभ्यासाचा, 'इंडिजिनस स्टडीज'चा, दोन वर्षांचा इंग्रजी अभ्यासक्रम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी त्यासाठी इथे आले. त्याआधीची दहा महिन्यांची धावपळ बहुतेक लोकमान्य नगरातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल, त्यांना ती उपयोगी पडेल, निदान करमणूक तरी होईल.

मी सहा वर्षं झाबुआ जिल्ह्यात प्राथमिक शाळांमधून काम केलं. सोमवारी पहाटे गंगवाल बसस्थानकावरून धारमार्गे जाणारी बस, शुक्रवारी रात्री परत. मुलं घरी भिली बोलतात, पुस्तकं हिंदीत, आणि मध्ये आम्ही. मातृभाषेतून शिकवण्यावर काहीबाही वाचत असताना एका लेखाखाली लेखिकेच्या विद्यापीठाचं नाव दिसलं. जगातलं सगळ्यांत उत्तरेकडचं विद्यापीठ. नुसत्या कुतूहलानं शोधलं आणि अडकले.

अडकले ते त्याच्या जन्मकथेत. नॉर्वेच्या उत्तर भागात डॉक्टर टिकत नसत. मुलं शिकायला ऑस्लोला किंवा बर्गनला जात आणि तिकडचीच होऊन जात. ऑस्लोचं विद्यापीठ १८११ चं, तेव्हा दक्षिणेला विद्येची कमी नव्हती. मग उत्तरेकडच्यांनी मागणी लावून धरली की विद्यापीठ इथेच काढा. एवढ्या वर, अंधारात आणि बर्फात, कोण प्राध्यापक येणार, विद्यार्थी तरी कुठून आणणार, असं दक्षिणेत म्हटलं गेलंच. तरी १९६८ मध्ये संसदेनं ठराव केला आणि १९७२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. वैद्यकशास्त्र पहिल्यापासून त्याच्या मुळाशी. त्यातल्या काही जागा उत्तर नॉर्वेतल्या मुलांसाठी राखीव असतात, सामी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी समाजातल्या, मुलांसाठी वेगळ्या. 'राखीव' हा शब्द वाचून मी भारतीय माणूस जसा सावरून बसतो तशी सावरून बसले. उत्तरेत शिकलेला डॉक्टर उत्तरेत राहील, हा त्यामागचा हिशेब, आणि तो बऱ्याच अंशी जमला.

आमच्या इंदूरचं विद्यापीठ १९६४ चं, म्हणजे वयानं थोडं मोठंच. खंडवा रोडवरून जाताना तक्षशिला परिसराची पाटी मी शंभरदा पाहिली असेल, पण हे का निघालं, कोणासाठी निघालं, असा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. ट्रॉम्सोच्या बाबतीत मात्र तो पहिल्या पानावरच होता.

"भिल्लांबद्दल शिकायला नॉर्वे?" काकांनी इंदूरच्या 'सानंद' संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, वडा हातात धरून, विचारलं. "झाबुआची बस तर गंगवालहून सुटते." आजूबाजूचे चार लोक हसले. मीही हसले. उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न पुढे फार कामाला आला.

आता कागद. अर्ज ऑनलाइन, तोही सोपा. नोव्हेंबर २०२३ मध्ये भरला. युरोपाबाहेरच्यांची मुदत इतरांच्या बरीच आधी संपते, हे ज्यांना हवं त्यांनी लक्षात ठेवावं, आपल्याकडची दिवाळी नेमकी त्यातच येते. इंग्रजीची परीक्षा दिली, गुण आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते बाबांच्या नावाचं.

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांच्या 'श्रीकृष्ण'मधल्या 'श्री'ला इंग्रजीत एक आय आहे. पदवीवर दोन ई. पासपोर्टवर आय आहे, पण शेवटचा ए गायब. शिवाय पदवीवर आडनाव आधी, कारण ती महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाची. पासपोर्टवर आडनाव शेवटी, आणि माझ्या पाळण्यातल्या नावाला बाबांचं नाव असं चिकटलेलं की नॉर्वेच्या फॉर्ममध्ये माझं पहिलं नाव 'अमुक श्रीकृष्ण' झालं. आजही इथले लोक मला टपालात बाबांच्या नावानं हाक मारतात. बाबांना याचा भारी आनंद आहे.

माझ्या पदवीच्या विद्यापीठाकडून विषयवार गुणांची एकत्र प्रत हवी होती, आपल्याकडे तिला सरळ ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. त्या विद्यापीठाचं नाव घेत नाही. दोनदा गेले. पहिल्यांदा खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. ती सुट्टी दीडला सुरू झाली आणि साडेतीनला मी उठले तरी चालूच होती. दुसऱ्यांदा साहेबांची सही राहिलेली आणि साहेब रजेवर. तिसऱ्यांदा आतेभाऊ गेला आणि पंधरा मिनिटांत घेऊन आला. कसं, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नावांच्या गोंधळासाठी जिल्हा न्यायालयाबाहेरच्या नोटरीकडून शपथपत्र करून घेतलं: ही, ती आणि तीसुद्धा एकच व्यक्ती. नोटरीनं चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, पक्का ना? तीनों आप ही हो?"

पण खरं जड गेलं ते पत्र. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे, ते सांगणारं. पहिला खर्डा मी दोन रात्री जागून लिहिला. त्यात 'सक्षमीकरण' होतं, 'समावेशक' होतं, 'शाश्वत' दोनदा होतं. झाबुआचं वर्णन एखाद्या सरकारी अहवालासारखं: जंगल, दुष्काळ, स्थलांतर, भगोरियाची जत्रा. आईनं वाचलं. ती चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. म्हणाली, "छान आहे. यात तू कुठे आहेस?"

मला रागच आला. मग काकांचा वडा आठवला. बस तर गंगवालहून सुटते, खरंय, मग सहा वर्षं त्या बसनं जाऊन मी काय शिकले? टेबलावर बसून खरोखर यादी केली. भिली येते का? समजते थोडी. बोलता? 'बस, चल, पाणी', एवढी. सहा वर्षांत. मी मराठी घरात वाढलेली, हिंदी गावात राहिलेली, आई शाळेत मराठी टिकवायला धडपडताना पाहिलेली. घराबाहेर भाषा कशी मिटून खिशात ठेवतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि तरी.

एक मुलगा आठवला. राणापूरच्या पुढच्या एका पाड्यावरची शाळा, दुसरीचा वर्ग. मी चित्रांची कार्डं दाखवत होते. सरड्याचं चित्र आलं. तो पहिल्याच बाकावर होता, उडी मारून उठला आणि शब्द बोलला. भिली शब्द. मी म्हटलं, "नहीं, हिंदी में बोलो." तो थांबला. हिंदी शब्द त्याला येत नव्हता. मी सांगितला, 'गिरगिट', सगळ्यांनी तीनदा म्हटला, मी पुढचं कार्ड काढलं. तो त्या तासाला परत उठला नाही. पुढच्या आठवड्यात उठला असेल, मला आठवत नाही. मारणं नाही, ओरडणं नाही, काही झालंच नाही म्हणा ना. पण पत्रात मी तेवढंच लिहिलं. पानभर. 'शाश्वत' एकदाही आलं नाही.

मार्चमध्ये जागा मिळाल्याचा मेल आला तेव्हा आम्ही पोहे खात होतो. बाबांनी आधी दोनदा चष्मा पुसला, मग विचारलं, "फी किती?"

इथे थोडं कडू बोलावं लागेल. नॉर्वेतली सरकारी विद्यापीठं पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना फुकट शिकवत आली. माझ्यासारख्या युरोपाबाहेरून येणाऱ्यांनासुद्धा. २०२३ च्या शरदापासून आमच्यासाठी फी लागू झाली. तिथल्यांना आणि युरोपीय संघातल्यांना अजून नाही. म्हणजे मी दोन वर्षं आधी जागी झाले असते तर. आमच्या विषयाची फी विज्ञान किंवा ललितकलांच्या महागड्या अभ्यासक्रमांपेक्षा बरीच कमी, हे खरं, पण फुकट आणि बरीच कमी यांत अंतर आहे. त्याशिवाय वर्षभराच्या खर्चाचे पैसे आपल्याकडे आहेत हे दाखवावं लागतं: २०२४ मध्ये ते होते १,५१,६९० क्रोनर. त्या वेळच्या भावानं जवळजवळ बारा लाख. ते विद्यापीठाच्याच ठेव खात्यात आधी भरता येतात, तिथे पोचल्यावर ते परत देतात. नुसतं बँकेचं पत्र दाखवण्यापेक्षा हे सोयीचं पडतं, पण त्यासाठी बारा लाख खरोखर लागतात.

कर्जासाठी बाबा ज्या बँकेत गेले, तिथल्या तरुण साहेबानं संगणकावरच्या यादीत नॉर्वे शोधलं. ऑस्लो सापडलं, हे नाही. "सर, ये यूनिव्हर्सिटी है भी कि नहीं, पहले ये देखना पड़ेगा." बाबा स्वतः बँकेत ३४ वर्षं काढलेले. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाची सगळी माहिती छापून नेली, रंगीत. १७ हजारांच्या आसपास विद्यार्थी. २००९ मध्ये गावातलं कॉलेज त्यात मिसळलं, २०१३ मध्ये फिनमार्कमधलं, २०१६ मध्ये नार्विक आणि हार्स्टाडची, त्यामुळे एकच विद्यापीठ शेकडो किलोमीटरवर पसरलेलं, पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत. मासेमारीचं स्वतंत्र महाविद्यालय त्यात. 'क्रोनप्रिन्स हाकोन' नावाचं बर्फ फोडणारं संशोधन-जहाज आणखी दोन संस्थांच्या साथीनं. बाबांनी त्या जहाजाचं चित्र सगळ्यांत वर ठेवलं होतं. "जहाज असलेलं विद्यापीठ खोटं कसं असेल?" हा त्यांचा युक्तिवाद, आणि कोणास ठाऊक, चालला. तारण म्हणून घराची कागदपत्रं गेली. त्या रात्री घरात कोणी फार बोललं नाही. आजीनं मला दोनदा वाढलं.

निवास परवान्याचा अर्ज ऑनलाइन, पण बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. अवंतिकानं गेले, सकाळी उतरले, दादरला आत्याकडे आंघोळ, अकराला केंद्रावर. रांगेत माझ्या पुढे नाशिकचा एक मुलगा होता, जहाजबांधणी शिकायला चाललेला. माझा विषय ऐकून म्हणाला, "त्यात नोकरी कसली मिळते?" मी म्हटलं, "बघू." पाच आठवड्यांनी परवाना आला.

सामानाचा प्रसंग लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. युरोपाबाहेरून नॉर्वेत येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाच्या वड्या नाहीत. आजीनं दोन किलो लोणी कढवून ठेवलं होतं. मी नियम वाचून दाखवला.

"तुमसरला तूप चालत नाही?"

"आजी, कायदा आहे."

"कायदा दुधाला का भितो?"

तिला जनावरांच्या रोगांबद्दल समजावलं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बॅगेत भाजणीच्या पिशवीत, बरोबर मधोमध, स्टीलचा छोटा डबा सापडला. मी काढून ठेवला. तिनं मग बेसनाचे लाडू तेलात करून दिले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते कसे लागतात हे मी इथे लिहिणार नाही. शेव चालली. मेतकूट चाललं. इंदूरची शेव संपूर्ण नॉर्वेत कोणी अडवली नाही.

ऑस्लोहून वर जाणारं विमान दोन तास उडतं आणि तरी तुम्ही त्याच देशात असता, हे पहिलं आश्चर्य. दुसरं असं की ऑगस्टच्या मध्यात रात्री दहाला उजेड होता. शहर बेटावर आहे. बेटाला जोडणारा उंच पूल, पलीकडच्या तीरावर पांढऱ्या त्रिकोणांचं चर्च, आणि बेटाच्या पोटात बोगदे. बोगद्यांच्या आत गाड्यांचे चौक, गोल फिरायचे. इंदूरच्या पलासिया चौकात वाढलेल्या माणसाला जमिनीखाली, हॉर्न न वाजवता, रांगेनं फिरणाऱ्या गाड्या बघून गलबलून येतं.

विद्यापीठाचा मुख्य परिसर ब्राइविका भागात, शेजारीच मोठं विद्यापीठ रुग्णालय. त्या जन्मकथेतल्या डॉक्टरांचं रुग्णालय हे. इमारतींवरच्या पाट्या नॉर्वेजियन आणि सामी दोन्हींत. मध्ये आर्द्ना नावाची लाकडी वास्तू आहे, सामी घराच्या घाटाची, आत शेकोटीची जागा. पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे बसलो. प्राध्यापिकेला सगळे नावानं हाक मारत होते, तिच्या पहिल्या नावानं, नुसतं. माझ्या तोंडून आठवडाभर 'मॅडम'च निघत होतं. शेवटी तिनं हसून विचारलं, मॅडम म्हणजे नक्की कोण? मग मी काही न म्हणता हात वर करू लागले. अजून तेच करते.

येऊन स्थिरावायला मात्र वेळ लागला, आणि तो कागदांनीच घेतला. आधी पोलिसांकडे नोंद, मग ओळख क्रमांक, क्रमांक आल्यावर बँक खातं, खातं आल्यावर ती बारा लाखांची ठेव परत. या साखळीतली एक कडी एका कार्यालयात अडकली आणि दहा आठवडे मी भारतातून आणलेल्या कार्डावर आणि भाजणीवर काढले. इथे रोख पैसे जवळजवळ कोणी वापरत नाही, आणि इथल्या बँकेचं डिजिटल ओळखपत्र नसेल तर साधं पार्सल मागवणंसुद्धा अवघड. झाबुआत आधार नसलेल्या बायांना आम्ही ज्या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवायचो, त्या रोज आठवायच्या. ठेव परत आली त्या दिवशी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "जहाज खरं निघालं म्हणजे."

अभ्यासाचं थोडं सांगते. तास कमी, वाचन अफाट. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. वर्गात घाना, नेपाळ, बांगलादेश, मेक्सिको, आणि नॉर्वेतलेच काही जण. त्यांतली एक उत्तरेतल्या काउतोकेइनो गावची. तिथे सामी लोकांचं स्वतःचं एक महाविद्यालय आहे, १९८९ पासूनचं, तरी ही इथे आली होती, का ते तिनं सांगितलं नाही. तिच्या घरी रेनडियर आहेत. किती, असं विचारायचं नसतं, ते आपल्याकडे बँकेत किती आहेत विचारण्यासारखं. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं.

नॉर्वेनं सामी मुलांना नॉर्वेजियन बनवण्याचं धोरण शंभर वर्षांहून जास्त चालवलं. १८८० चे शाळेसाठीचे नियम आम्ही वर्गात वाचले, १८९८ चे त्याहून कडक. लांबच्या वस्त्यांवरची मुलं वसतिगृहांत नेली जात आणि तिथे घरची भाषा मागे पडे. २०२३ च्या जूनमध्ये सत्य आणि सामोपचार आयोगानं संसदेला अहवाल दिला, सुमारे सातशे पानांचा. आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला संसदेनं सामींची, तसंच फिनिश वंशाच्या क्वेन आणि वनफिन लोकांची अधिकृत माफी मागितली. आम्ही कॅन्टीनमध्ये कोणाच्या तरी लॅपटॉपवर ते बघत होतो. मला वाटलं होतं, कोणी रडेल, टाळ्या वाजतील. काउतोकेइनोची पाव आणि तपकिरी चीज खात होती. तिची आजी सात वर्षांची असताना वसतिगृहात गेली होती. संपल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. टर्बाइन फिरतायत अजून."

फोसेनबद्दल बोलत होती ती. मध्य नॉर्वेतल्या त्या पवनचक्क्यांमुळे रेनडियर पाळणाऱ्यांच्या हक्कांचा भंग झाला, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २०२१ मध्ये एकमतानं सांगितलं. पवनचक्क्या जागेवरच राहिल्या. मला नर्मदेच्या खोऱ्यातली बुडालेली गावं आठवली, आलीराजपूरकडची. मी काही बोलले नाही, कारण तिचं चीज संपायचं होतं आणि माझी माहिती वर्तमानपत्रातली होती.

मग अंधार आला. २१ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य डोंगरांमागून वर येणं बंद करतो, दोन महिन्यांसाठी. पूर्ण काळोख नसतो. दुपारी बाराच्या आसपास दोन-तीन तास निळा उजेड असतो, पहाटेच्या आरतीला निघताना असतो तसा, फक्त पुढे पहाट होत नाही. माशाच्या तेलाचा चमचा रोज घ्या, असं सगळे सांगतात, अगदी डॉक्टरपासून बसच्या चालकापर्यंत. आजी फोनवर विचारायची, "तिथं आता सकाळ आहे का संध्याकाळ?" मी सांगायचे, "काही नाही." थंडी मात्र वाटली होती तितकी नाही, समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही पारा उणे चार-पाचच्या आसपास रेंगाळतो. बर्फाचं वेगळं. तो थांबत नाही. या शहरात १९९७ च्या एप्रिलअखेरीला २४० सेंटीमीटर बर्फ साचला होता, लोक ते तापाच्या आकड्यासारखं सांगतात. २१ जानेवारीला सूर्य परत येतो म्हणून सगळे जॅम भरलेले तळलेले पाव खातात. ढग होते, सूर्य दिसला नाही, पाव तीन खाल्ले.

फेब्रुवारीत सामी राष्ट्रीय दिवस झाला, सहा तारखेला, आणि त्या आठवड्यात गावाच्या मुख्य रस्त्यावर रेनडियरच्या शर्यती. मागे पायांना स्की बांधून माणसं घसरत जातात, दोन्ही बाजूंना लहान मुलं ओरडत. मी व्हिडिओ आईला पाठवला. तिनं उत्तर दिलं: "भगोरियासारखं वाटतंय. बूट नीट घाल."

त्यानंतरच्या चर्चासत्रात प्रत्येकानं आपल्या प्रबंधाचा विषय मांडायचा होता. मी तो मुलगा सांगितला. कार्ड, सरडा, 'हिंदी में बोलो'. मी हे आता चांगलं सांगते, पत्र लिहिल्यापासून सराव झालाय. कुठे थांबायचं तेही कळतं. सगळे गप्प झाले. काउतोकेइनोच्या मुलीनं मान वर केली आणि साधंच विचारलं, "शब्द कोणता होता?"

"कोणता?"

"तो बोलला तो. सरड्याला ते काय म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. मी तो ऐकला होता. त्याचा आवाज आठवत होता, उडी आठवत होती, शर्टाचं तुटलेलं बटण आठवत होतं. शब्द नव्हता. प्राध्यापिकेनं पुढच्याला बोलायला सांगितलं.

त्या रात्री झाबुआतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो भिलाला आदिवासीच, थांदल्याकडचा, आमच्या बरोबर सहा वर्षं त्याच बाकांवर शिकवलेला. तिकडे पहाट होती. गुरं बाहेर काढल्याचा आवाज येत होता. मी विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "इसके लिए इतनी दूर से फोन किया?" मग त्यानं एक शब्द सांगितला. मी लिहून घेत होते तोवर म्हणाला, थांबा, पलीकडच्या पाड्यांवर वेगळं म्हणतात, आणि दुसरा सांगितला. माझ्या बायकोच्या गावी तर अजून तिसरंच.

"लड़का किस गाँव का था, मॅडम?"